'मर्ज' कधी म्हणायचं आणि कधी नाही

'एकत्र करणे' या अर्थाची क्रियापदं इंग्रजीत डझनभर आहेत: कंबाइन, मिक्स, ब्लेंड, जॉइन, युनाइट, इंटिग्रेट, फ्यूज, मर्ज. शब्दकोशात यातल्या बहुतेकांपुढे 'मिसळणे, जोडणे, एकत्र करणे' असे तेच ते अर्थ दिलेले असतात. त्यामुळे कोणतंही कुठेही चालेल असं वाटतं, पण तसं होत नाही. 'वी मर्ज्ड अवर एफर्ट्स' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, तरी ते इंग्रजी कानाला खटकतं, कारण तिथे 'कंबाइन्ड' हवं. दोन रस्ते पुढे एक होतात तेव्हा मात्र 'द टू रोड्स कंबाइन' असं कुणी म्हणत नाही, तिथे 'मर्ज'च लागतं.

या गोंधळातून सुटायला एक कसोटी बहुतेक वेळा पुरते. क्रिया पूर्ण झाल्यावर किती उरलं ते मोजा. दोनाचं एक झालं असेल, आणि त्या एकात पहिलं कुठे संपतं नि दुसरं कुठे सुरू होतं हे दाखवता येत नसेल, तर तिथे 'मर्ज' बसतं. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी शाबूत असतील आणि फक्त मिळून काम करत असतील, तर दुसरं क्रियापद शोधावं. दोन संघ सरावासाठी एकत्र येतात तेव्हा ते दोनच राहतात. त्यांचा एकच संघ झाला, एक नाव, एक कर्णधार, एक यादी झाली, की ते 'मर्ज' झाले. म्हणून मराठीत 'मर्ज'ला सर्वांत जवळचा शब्द 'विलीन' आहे. 'एकत्र' हा त्याहून बराच सैल शब्द आहे.

हा अर्थ शब्दाच्या मुळातूनच येतो. लॅटिनमध्ये 'मेर्गेरे' म्हणजे बुडवणे. सबमर्ज म्हणजे पाण्याखाली जाणे आणि इमर्ज म्हणजे वर येणे, ही त्याच घरातली भावंडं. इमर्जन्सी म्हणजे अचानक वर आलेला प्रसंग, तोही शब्द इथूनच आला. इंग्रजीत 'मर्ज' सतराव्या शतकात आलं तेव्हा त्याचा अर्थ बुडवणे असाच होता. पुढे कायद्याच्या भाषेने ते उचललं: एक लहान हक्क मोठ्या हक्कात बुडून नाहीसा होणे. भाडेकरूने राहतं घरच विकत घेतलं तर त्याचा भाडेपट्टा मालकी हक्कात 'मर्ज' होतो. माणूस स्वतःचाच भाडेकरू राहू शकत नाही, म्हणून लहान हक्क संपतो. कंपन्यांच्या विलीनीकरणासाठी 'मर्जर' हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बुडण्याची ही मूळ कल्पना लक्षात ठेवली की 'मर्ज' वापरताना एक प्रश्न आपोआप पडतो: यात नाहीसं काय झालं?

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण खगोलशास्त्रात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या 'लायगो' या प्रकल्पाच्या दोन्ही शोधक-यंत्रांनी गुरुत्वीय लहरींची थेट नोंद केली, आणि असं पहिल्यांदाच घडलं. त्या लहरी आल्या होत्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून. एकाचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ३६ पट, दुसऱ्याचं सुमारे २९ पट. बेरीज ६५ होते, पण उरलेल्या एकमेव कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे ६२ पटच भरलं. मधलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन लहरींच्या रूपाने निघून गेलं. शास्त्रज्ञ या घटनेला 'मर्जर' म्हणतात आणि 'द टू ब्लॅक होल्स मर्ज्ड' असं लिहितात. नव्या कृष्णविवरात जुन्या दोघांची सीमारेषा शिल्लक नाही, म्हणून तिथे 'कंबाइन्ड' हा शब्द थिटा पडतो.

वाक्यात बसवताना

मराठीत आपण 'मर्ज करणे' आणि 'मर्ज होणे' असे दोन प्रयोग करतो. इंग्रजीत ही वाटणी नाही. तेच क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. 'शी मर्ज्ड द टू फाइल्स' म्हणजे तिने फाइली एक केल्या. 'द टू रिव्हर्स मर्ज हिअर' म्हणजे नद्या इथे एक होतात. मराठी मनात 'होणे' असलं की हात आपोआप कर्मणी प्रयोगाकडे जातो आणि 'द टू रिव्हर्स आर मर्ज्ड हिअर' किंवा 'गेट मर्ज्ड हिअर' असं लिहिलं जातं. त्यातून कुणीतरी मुद्दाम नद्या एक केल्याचा अर्थ निघतो. गोष्ट आपणहून घडत असेल तर साधं 'मर्ज' ठेवावं. कुणीतरी निर्णय घेऊन ती केली असेल, जसं वरिष्ठांनी दोन विभागांचा एक केला, तर 'द टू डिपार्टमेंट्स वेअर मर्ज्ड' हेच योग्य. मराठी लेखकांच्या इंग्रजीत 'मर्ज'ची सर्वांत जास्त होणारी चूक हीच असावी, आणि ती व्याकरण तपासणाऱ्या प्रोग्रॅमलाही सहसा सापडत नाही, कारण वाक्य रचनेने शुद्ध असतं.

शब्दयोगी निवडताना थोडं थांबायला हवं, कारण त्यातून बरोबरी आणि दिशा ठरते. 'ए मर्ज्ड विथ बी' यात दोघं समान पातळीवर आहेत, शेवटी कोण उरलं हे सांगितलेलं नाही. 'ए मर्ज्ड इंटू बी' यात दिशा आहे: ए गेलं, बी उरलं. 'ए अँड बी मर्ज्ड इंटू सी' म्हणजे दोन्ही गेली आणि तिसरं जन्माला आलं. एखाद्या संस्थेबद्दल लिहिताना 'विथ'च्या जागी 'इंटू' पडलं तर बातमीचा अर्थच बदलतो. 'मर्ज टू' मात्र टाळावं. मराठीतला 'ला' डोक्यात असल्यामुळे ते सुचतं, पण इंग्रजीत 'मर्ज'च्या पुढे विलीन होण्याचं ठिकाण 'टू'ने दाखवत नाहीत. 'मर्ज टुगेदर' ऐकू येतं, पण 'टुगेदर' फाजील आहे, कारण तो अर्थ क्रियापदातच आहे. 'मर्ज इंटू द क्राउड' किंवा 'मर्ज इंटू द बॅकग्राउंड' हे रूढ प्रयोग. वेगळं उठून न दिसणं, गर्दीत मिसळून जाणं असा त्यांचा अर्थ.

उच्चारात भूतकाळी रूप 'मर्ज्ड' असं एका अवयवाचं (सिलेबलचं) आहे, 'मर्जेड' नव्हे. 'मर्जेस' या रूपात मात्र दोन अवयव ऐकू येतात, कारण 'ज'च्या ध्वनीला लगेच 'स'चा प्रकार जोडून म्हणता येत नाही, मध्ये स्वर घ्यावाच लागतो. स्पेलिंगमध्ये शेवटचा 'ई' हा 'जी'चा उच्चार 'ग' न होता 'ज' व्हावा म्हणून आहे. 'मर्जिंग' लिहिताना तो गळतो, कारण पुढे आलेला 'आय' तेच काम करतो. 'मर्जिंग'मध्ये 'ई' ठेवणं ही हमखास दिसणारी चूक आहे.

नामं दोन आहेत. कंपन्या, संस्था, कृष्णविवरं यांच्यासाठी 'मर्जर', तर संगणकातल्या आणि रस्त्यावरच्या क्रियेसाठी नुसतं 'मर्ज'. फाइलींच्या बाबतीत 'फाइल मर्जर' म्हटलं तर ते त्या कामाच्या सॉफ्टवेअरचं नाव वाटतं, आणि प्रोग्रॅमर 'द मर्ज फेल्ड' म्हणतो, 'द मर्जर फेल्ड' म्हणत नाही. ते वाक्य ऐकणाऱ्याला एखादा मोठा व्यवहार फिसकटला असं वाटेल.

भाषाशास्त्रातही 'मर्जर' आहे, आणि तिथे त्याचा अर्थ अगदी काटेकोर असतो: पूर्वी वेगळे असलेले दोन ध्वनी बोलणाऱ्यांच्या तोंडी एक होणे. इंग्रजीत भेटणे या अर्थाचं 'मीट' आणि मांस या अर्थाचं 'मीट' यांचे स्वर कधीकाळी निराळे होते. आज उच्चार एक आहे, फरक फक्त स्पेलिंगमध्ये उरला आहे. अमेरिकेतल्या अनेक भागांत 'कॉट' आणि 'कॉट', म्हणजे लहान खाट आणि 'पकडलं', या दोन शब्दांचे स्वरही असेच एक झाले आहेत, तर इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात ते अजून वेगळे ऐकू येतात. एकदा ध्वनी एक झाले की पुढच्या पिढीला नुसतं ऐकून ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत, कारण कोणत्या शब्दात कोणता होता याची खूणच कानावर पडत नाही.

भावंडांपासून फरक

'कंबाइन' हे या सगळ्यांत सर्वांत मोकळं क्रियापद आहे. भाग ओळखू येवोत वा न येवोत, ते चालतं. नोकरी आणि शिक्षण एकाच वेळी करणाऱ्याबद्दल 'शी कंबाइन्स वर्क विथ स्टडी' म्हणतात. इथे 'मर्ज' घातलं तर नोकरी आणि शिक्षण यातला फरकच मिटला असं वाटेल. 'कंबाइन्ड इन्कम' म्हणजे दोघांच्या उत्पन्नांची बेरीज, उत्पन्नं दोनच. कोणतं क्रियापद घ्यावं कळत नसेल तेव्हा 'कंबाइन' घ्यावं. ते क्वचितच चुकतं, फार तर थोडं फिकं वाटतं. उच्चाराची एक गंमत: क्रियापदात जोर दुसऱ्या अवयवावर येतो, आणि कापणी-मळणीच्या यंत्राच्या अर्थाने नाम म्हणून वापरलं की तो पहिल्यावर जातो.

'मिक्स' ढवळण्याचं क्रियापद आहे. वाळू आणि सिमेंट मिक्स करतात. कण न् कण वेगळा असतो, फक्त सगळीकडे पसरलेला. 'ब्लेंड'मध्ये ढवळणं आहेच, शिवाय परिणाम गुळगुळीत आणि सुखद असल्याची सूचना आहे. म्हणून रंग, आवाज, सुगंध यांच्यासाठी ते येतं. दोन रंगछटा एकमेकींत हळूहळू उतरत जातात तिथे 'ब्लेंड' आणि 'मर्ज' दोन्ही चालतात. फरक एवढाच की 'ब्लेंड' म्हटल्यावर लक्ष सुंदर मिलाफाकडे जातं, 'मर्ज' म्हटल्यावर सीमा कुठे गेली याकडे.

'जॉइन' टोकाला टोक जोडतं. नळाचे दोन तुकडे जॉइन केले तर सांधा दिसतो. शिवाय कंपनीत रुजू होणे, सभासद होणे या अर्थाने ते येतं तेव्हा पुढे 'विथ' किंवा 'इन' लागत नाही: 'शी जॉइन्ड द टीम', बस. 'युनाइट'ला माणसं आणि समान उद्देश लागतो. 'इंटिग्रेट'मध्ये एक भाग मोठ्या रचनेत असा बसवला जातो की त्याचं स्वतःचं काम चालू राहतं. पैसे भरण्याची सोय एखाद्या ॲपमध्ये इंटिग्रेट करतात, मर्ज करत नाहीत. 'कन्सॉलिडेट'मध्ये अनेकांचं कमी करून आवरणं आणि मजबूत करणं आहे, जसं चार कर्जांचं एक कर्ज. 'फ्यूज'ला उष्णता किंवा तेवढ्या तीव्रतेची शक्ती लागते. 'अमॅल्गमेट' पाऱ्याच्या मिश्रधातूवरून आलेलं औपचारिक क्रियापद आहे, कायद्याच्या कागदाबाहेर त्याची गरज क्वचितच पडते.

कंपन्यांच्या बातमीत

बातम्यांत 'मर्जर' आणि 'ॲक्विझिशन' जोडीने येतात आणि जणू एकच असल्यासारखे वापरले जातात. फरक पुन्हा मोजणीतच आहे. काटेकोर अर्थाने 'मर्जर'मध्ये दोन कंपन्यांपैकी एक कायद्याच्या दृष्टीने संपते आणि तिची मालमत्ता, कर्जं, करार सगळं उरलेल्या कंपनीकडे जातं. दोन्ही संपून तिसरी नवी कंपनी उभी राहिली तर अमेरिकी कायद्याच्या परिभाषेत त्याला 'कन्सॉलिडेशन' म्हणतात. 'ॲक्विझिशन'मध्ये एक कंपनी दुसरीचे समभाग विकत घेते. विकत घेतलेली कंपनी उपकंपनी म्हणून जिवंत राहू शकते. म्हणजे मालक एक, पण कंपन्या दोन.

१९९८ साली जर्मनीची डायम्लर-बेंझ आणि अमेरिकेची क्रायस्लर एकत्र येऊन डायम्लरक्रायस्लर झाली, तेव्हा त्याला 'बरोबरीच्यांचं मर्जर' म्हणून सादर केलं गेलं. २००७ मध्ये क्रायस्लरमधला ८०.१ टक्के वाटा सर्बेरस या गुंतवणूक कंपनीला विकला गेला. क्रायस्लर इतकी अखंड उचलून विकता आली, यावरूनच दिसतं की आतली सीमा पुसली गेली नव्हती. बातमीत 'मर्जर' दिसलं की तीन गोष्टी शोधाव्यात: कोणत्या नावाची कंपनी कायद्याने उरली, समभागधारकांना कोणत्या कंपनीचे समभाग मिळाले, आणि संचालक मंडळावर कोण बसलं. मथळ्यापेक्षा या तीन उत्तरांतून जास्त कळतं.

रस्त्यावर

वाहतुकीत 'मर्ज'चा अर्थ एकच: तुमची लेन संपते आहे, शेजारच्या प्रवाहात सामील व्हा. पाटीवर 'लेन एंड्स, मर्ज लेफ्ट' असेल तर डावीकडच्या लेनमध्ये शिरायचं आहे. वेगवान महामार्गावर चढण्याला 'मर्ज ऑन्टू द हायवे' म्हणतात, आणि वाहनांच्या ओघात शिरण्याला 'मर्ज इंटू ट्रॅफिक'. चढताना बाजूची लेन वेग वाढवण्यासाठीच दिलेली असते. तिच्यात आधी मुख्य प्रवाहाच्या वेगाइतका वेग घ्यायचा, आरसा आणि खांद्यावरून मागे बघून फट हेरायची, मग शिरायचं. फट दिसत नाही म्हणून लेनच्या टोकाला थांबणं धोक्याचं आहे, कारण थांबलेल्या गाडीला भरधाव प्रवाहात शिरायला खूप मोठी फट लागते.

वाहनांची दाटी असून सगळे हळू चालले असतील तर नियम थोडा वेगळा. लेन संपणार असल्याची पाटी दिसताच बहुतेक चालक लवकर शेजारच्या लेनमध्ये घुसतात आणि जो शेवटपर्यंत जातो त्याला आगाऊ समजतात. प्रत्यक्षात दोन्ही लेन टोकापर्यंत वापरून तिथे एक इकडची, एक तिकडची असं आळीपाळीने शिरलं तर रांगेची लांबी कमी होते, कारण एक पूर्ण लेन रिकामी पडत नाही. पँटच्या चेनचे दात जसे एकाआड एक अडकतात तसं, म्हणून अमेरिकेत त्याला 'झिपर मर्ज' म्हणतात. ब्रिटनमधल्या पाटीवर 'मर्ज इन टर्न' असतं, आणि जर्मनीत ही पद्धत वाहतुकीच्या नियमांतच लिहिलेली आहे. गाड्या भरधाव आणि विरळ असतील तेव्हा मात्र शेवटपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. सुरक्षित फट मिळताच शिरावं.

संगणकावर

इथे हे एकच क्रियापद पाच-सहा निरनिराळ्या क्रियांसाठी वापरलं जातं, आणि बहुतेकींत नाहीसं होणारं काहीतरी वेगळं असतं. सर्वाधिक नुकसान करणारी क्रिया सर्वांत साधी दिसते: स्प्रेडशीटमधलं 'मर्ज अँड सेंटर'. ए१ या चौकटीत नाव आहे, बी१ मध्ये आडनाव. दोन्ही निवडून बटण दाबलं तर नाव-आडनाव एकापुढे एक येत नाहीत. फक्त डाव्या वरच्या चौकटीतला मजकूर उरतो आणि आडनाव पुसलं जातं. एक्सेल तशी सूचना दाखवतं, पण ती न वाचता 'ओके' दाबण्याची सवय सगळ्यांना असते. नंतर 'अनमर्ज' केलं तर चौकटी परत दोन होतात, आडनाव परत येत नाही. ते फक्त 'अनडू'ने आणि तेही फाइल बंद करण्याआधीच मिळतं.

मजकूर खरोखर जोडायचा असेल तर तिसऱ्या चौकटीत सूत्र लिहावं: बरोबरचं चिन्ह, ए१, मग '&', अवतरणचिन्हांत एक मोकळी जागा, पुन्हा '&', आणि बी१. नावं बरीच असतील तर 'टेक्स्टजॉइन' हे फंक्शन सोयीचं. आणि नुसतं शीर्षक अनेक स्तंभांच्या मध्यावर दिसायला हवं असेल तर चौकटींच्या रचनेत, आडव्या संरेखनाच्या यादीत, 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' असतं. दिसायला सारखंच, पण चौकटी वेगळ्या राहतात. विलीन केलेल्या चौकटी आत असलेल्या तक्त्याची क्रमवारी लावायला गेलं की एक्सेल सगळ्या विलीन चौकटी एकाच मापाच्या हव्यात म्हणून अडून बसतं. ज्या तक्त्यात आकडेमोड किंवा गाळणी करायची आहे त्यात चौकटी विलीन करूच नयेत, असं आमचं ठाम मत आहे. छापायच्या अहवालाचं शीर्षक एवढीच त्यांची जागा.

'मेल मर्ज' हा आपल्या कसोटीला अपवाद आहे. एक पत्राचा नमुना आणि एक नावपत्त्यांची यादी एकत्र येतात, पण शेवटी एक उरत नाही. यादीत ५० ओळी असतील तर ५० पत्रं निघतात. नमुन्यात नाव, पत्ता, रक्कम यांच्या जागी 'मर्ज फील्ड' ठेवलेली असतात आणि प्रत्येक ओळीगणिक ती भरली जातात. इथे सर्वांत जास्त फसवतात ते आकडे. एक्सेलमध्ये शून्याने सुरू होणारा क्रमांक, तारखेची मांडणी, हजाराचे स्वल्पविराम हे अनेकदा फक्त दाखवण्याचे प्रकार असतात, खालचं साठवलेलं मूल्य निराळंच असतं. पत्रात ते मूळ मूल्य जातं आणि सुरुवातीचं शून्य गायब होतं. क्रमांकाचा स्तंभ आधीच 'टेक्स्ट' म्हणून ठेवला तर ही अडचण येत नाही. छापण्याआधी पहिलं, शेवटचं आणि सर्वांत लांब नावाचं, अशी तीन पत्रं उघडून पाहावीत.

दोन तक्ते समान स्तंभाच्या आधारे जोडणं हेही 'मर्ज'च. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पांडाज लायब्ररीत या फंक्शनचं नावच ते आहे. ते तक्त्यांच्या ओळी एकाखाली एक लावत नाही (त्यासाठी 'कॉन्कॅट' आहे), तर जुळणाऱ्या किल्लीवर, म्हणजे समान स्तंभातल्या मूल्यावर, ओळी शेजारी आणतं. काही सांगितलं नाही तर दोन्हीकडे सापडलेल्याच किल्ल्या ठेवतं, बाकीच्या ओळी गुपचूप गळतात. आणि एकच किल्ली डावीकडे २ वेळा, उजवीकडे ३ वेळा असेल तर निकालात त्या किल्लीच्या ६ ओळी येतात. रकमांची बेरीज अचानक फुगलेली दिसली तर आधी इथेच पाहावं. विलीन करण्यापूर्वी आणि नंतर ओळी मोजणं, आणि 'व्हॅलिडेट' या पर्यायात एकास-एक असं सांगून ठेवणं, हे दोन उपाय बहुतेक घोटाळे पकडतात. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत २००३ च्या मानकाने 'मर्ज' नावाची आज्ञा आली, तिचं काम मात्र निराळं: ओळ जुळली तर ती बदल, नाही जुळली तर नवी घाल.

क्रमवारीच्या 'मर्ज सॉर्ट'मध्ये काहीच हरवत नाही. ही पद्धत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. तिच्या गाभ्याशी दोन आधीच क्रमाने लावलेल्या याद्या विलीन करणं आहे. एकीत ३, ८, १२ आणि दुसरीत ५, ८, २० घ्या. दोन्हींच्या पुढच्या आकड्यांची तुलना करून लहान उचलायचा: ३, मग ५, मग पहिल्या यादीतला ८, मग दुसरीतला ८, मग १२. एक यादी संपली की उरलेला २० तसाच मागे लावायचा. सहा आकड्यांसाठी पाच तुलना लागल्या. याद्या आधी क्रमाने नसतील तर ही युक्ती कोलमडते, कारण पुढचा आकडा त्या यादीतला सर्वांत लहान असल्याची खात्री राहत नाही.

प्रोग्रॅमरांच्या रोजच्या बोलण्यातलं 'मर्ज' येतं ते गिटमधून. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेली ही प्रणाली एकाच प्रकल्पाच्या अनेक शाखा, म्हणजे स्वतंत्रपणे बदलत जाणाऱ्या आवृत्त्या, सांभाळते. इथे 'इंटू' फार जपून बोलावं लागतं. 'मर्ज फीचर इंटू मेन' म्हणजे नव्या शाखेतले बदल मुख्य शाखेत आणणे. आज्ञा देताना आधी ज्या शाखेत आणायचं तिच्यावर उभं राहायचं, मग दुसरीचं नाव सांगायचं. उलट केलं तर मुख्य शाखेतले बदल तुमच्या शाखेत येतात आणि मुख्य शाखा होती तशीच राहते. आणखी एक वेगळेपण असं की विलीन केलेली शाखा आपोआप नष्ट होत नाही, आणि दोन्हींचा इतिहासही टिकून राहतो.

गिट विलीन कसं करतं हे कळलं की 'कॉन्फ्लिक्ट'ची, म्हणजे दोन बदलांच्या टकरीची, भीती जाते. ते तीन प्रती पाहतं: तुमची, समोरची, आणि दोन्ही शाखा जिथून फुटल्या ती जुनी. समजा जुन्या प्रतीत एका ओळीत मुदत ३० होती. तुमच्या शाखेत ती ६० झाली आणि समोर ३०च राहिली, तर गिट ६० घेतं, कारण बदल एकाच बाजूने झाला. दोन्हीकडे ६० केली असेल तरी वाद नाही. एकीकडे ६० आणि दुसरीकडे ४५ झाली, तरच ते थांबतं आणि त्या जागी दोन्ही ओळी खुणांच्या रांगांमध्ये ठेवून निर्णय तुमच्यावर सोपवतं. हवी ती ओळ ठेवायची, खुणा काढायच्या, मग फाइल नोंदवून विलीनीकरण पुरं करायचं. खुणा काढायच्या राहिल्या तर प्रोग्रॅम बहुधा चालूच होत नाही. गोंधळ वाढला तर 'अबॉर्ट'चा पर्याय देऊन सुरुवातीच्या स्थितीत परतता येतं.

कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. एकाने एका फंक्शनचं नाव बदललं आणि दुसऱ्याने दुसऱ्या फाइलमध्ये त्याला जुन्या नावाने हाक मारली, तर ओळी वेगवेगळ्या असल्याने गिट बिनबोभाट विलीन करतं आणि प्रोग्रॅम मोडतो. गिट ओळींची तुलना करतं, अर्थाची नाही. म्हणून विलीन केल्यावर चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात.

उलट क्रियेसाठी

'मर्ज'चं विरुद्धार्थी एकच क्रियापद नाही. कंपनी फोडण्यासाठी ब्रिटिश इंग्रजीत 'डीमर्ज' आहे. स्प्रेडशीटच्या चौकटींना 'अनमर्ज' म्हणतात. फाइली, रस्ते, विभाग यांना 'स्प्लिट' किंवा 'सेपरेट'. गिटमध्ये केलेलं विलीनीकरण उलटवायला 'रिव्हर्ट', आणि त्याच्या आज्ञेत दोन पालकांपैकी, म्हणजे विलीन झालेल्या दोन शाखांपैकी, कुणाची बाजू मूळ धरायची हे सांगावं लागतं. 'इमर्ज' मुळाने 'मर्ज'च्या उलट दिसलं तरी आजच्या इंग्रजीत ते उलट क्रिया दाखवत नाही. 'द टू कंपनीज इमर्ज्ड' या वाक्याचा अर्थ कंपन्या उदयाला आल्या असा होतो. कंपन्या पुन्हा वेगळ्या झाल्या असं सांगायचं असेल तर 'द टू कंपनीज स्प्लिट' लिहावं.